पायलट बाहेरच बसतात

आमच्या क्लबने या वर्षी लीग जिंकली आणि पाठोपाठ कपही जिंकला. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, कुठला गोल कुणाच्या पायातून गेला आणि गोलकीपर कुठल्या कुशीवर पडला ते तिथल्या तिथे करून दाखवतील. कोपऱ्यावरची भाजीवाली तर कोबीचा गड्डा घेऊन दाखवते, आणि मग तोच कोबी आपल्या पिशवीत टाकते. फक्त माझ्या मामाला विचारू नका. मामा क्लबची बस चालवतो. लीगच्या प्रत्येक मॅचला टीमला घेऊन तोच गेला, घेऊन तोच आला, आणि जिंकलेली एकही मॅच त्याने पाहिली नाही.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. मामी गेल्यापासून आमच्याकडेच असतो, पुढच्या खोलीत. तो सोफ्यावरसुद्धा गाडीत बसल्यासारखा बसतो. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि उठायच्या आधी एकदा उजवीकडे आरशात बघतो. तिथे आरसा नाही, आमचं कपाट आहे. बोलायला लागला की पहिलं वाक्य पहिल्या गिअरमध्ये असतं. "हे... बघ... टेप..." आणि मग एकदम हायवे. टेप म्हणजे मी. कुणाचाही आवाज एकदा ऐकला की मला तो काढता येतो, म्हणून हे नाव. क्लबमध्ये मामाला सगळे पायलट म्हणतात, कारण बस सुरू करताना तो दर वेळी गंभीर आवाजात सांगतो, "पट्टे बांधा, खाली ढग आहेत." नवा खेळाडू खिडकीतून खाली बघतो, आणि जुने हसतात.

मामाला त्या क्लबचं वेड आत्ताचं नाही. आमचा क्लब पूर्वी असा होता की समोरची टीम पाहुणचाराला आल्यासारखी यायची, गोल खायला नाही, घालायला. त्या सगळ्या वर्षांत मामा बेंचच्या मागच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसून प्रत्येक मॅच बघायचा. गळ्यात क्लबचं कार्ड, कार्डावर छापलेलं 'चालक'. हरून परत येताना तो बस मुद्दाम हळू चालवायचा. आईने एकदा विचारलं, "दादा, एवढा उशीर?" तर म्हणाला, "पोरांना घरी जाऊन तोंड दाखवायचं होतं गं. जरा वेळ दिला."

माझे बाबा त्याच क्लबचे किटवाले. जर्सी धुणं, बूट पुसणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, आणि मॅचच्या दिवशी स्टाफची कार्डं वाटणं, ही त्यांची कामं. आधी ते मोज्यांच्याच कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा ते महिनोन्‌महिने घरात बसून पडद्याच्या कड्या मोजायचे. तेव्हा मामाच क्लबच्या ऑफिसात गेला होता. तिथे काय बोलला ते मामाने कधी सांगितलं नाही, पण ऑफिसातल्या बाईंनी आईला सांगितलं. म्हणाला होता, "माझे दाजी आहेत. मोजा बघून पाय ओळखतात." असं काही नव्हतं. बाबांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. पण नोकरी लागली.

आता या सीझनची गोष्ट. नवा कोच आला होता. त्याचा घसा कायम बसलेला, आणि प्रत्येक शब्द दोनदा. "पळा, पळा. बघा, बघा." पहिली मॅच आम्ही हरलो. परत येताना बसमध्ये बाबा मागून म्हणाले, "काय आहे ना मेहुणे, तुम्ही आत आलात की आपल्या पोरांचे पाय जड होतात. पुढच्या वेळी बसमध्येच बसा बघू."

सगळे हसले. मामाही हसला. त्यानेच घरी येऊन आम्हाला हे सांगितलं, बाबांच्या आवाजात, आणि बाबांचा 'काय आहे ना' त्याला माझ्यापेक्षा बरा जमला होता.

पुढच्या मॅचला मामा गंमत म्हणून बसमध्ये बसला. आम्ही जिंकलो. त्याच्या पुढच्या वेळी बसला, पुन्हा जिंकलो. तिसऱ्या वेळी मामा आत जायला निघाला, तर कोच दारात आडवा. "पायलट, बाहेर. बाहेर." कोच हसत नव्हता.

तेव्हापासून तो कायदाच झाला. मैदानावर पोचलं की प्रत्येक खेळाडू उतरताना मामाच्या खांद्यावर थाप मारायचा आणि विचारायचा, "पायलट, बाहेरच ना?" मामाने म्हणायचं, "बाहेरच." सगळ्यात शेवटी कॅप्टन उतरायचा. कॅप्टन उंचीला दरवाजाएवढा आणि आवाजाला देवघरातल्या घंटीएवढा. तो थाप मारायचा नाही, मामाचा हात हातात घ्यायचा. "पायलट, तुम्ही आहात म्हणून." एवढंच. मग मामा दार लावून घ्यायचा आणि मॅच संपेपर्यंत जागचा हलायचा नाही. कँटीनमधून त्याला सँडविच यायचं. पाणी तो पीत नसे, कारण प्यालं की उतरावं लागणार, आणि मधेच उतरलं तर चालतं की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. एकदा त्याने कोचला विचारलंही. कोचने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "नको, नको."

पुढे मामाने स्वतःच कायदा वाढवला. टीव्हीवर गोल दाखवायला लागले की तो उठून आत जायचा. "रेकॉर्डिंग बघितलेलंही लागू होत असेल तर?" म्हणायचा. "सीझन संपू दे. सगळ्या मॅच एकदम बघणार, पाय पसरून. तुम्ही मला हाकसुद्धा मारायची नाही." हा त्याचा शेवटचा सीझन होता. पुढच्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत आपण पास होणार नाही हे त्याला कळलं होतं. ते त्याने फक्त आईला सांगितलं होतं, म्हणजे घरात सगळ्यांना.

पण मजा अशी की मॅच आम्हाला सांगायचा तोच. बसमध्ये बसून आवाज ऐकायचा आणि जेवताना आख्खी मॅच लावायचा. आपला गोल म्हणजे बंद खोलीचं दार लाथ मारून उघडल्यासारखा आवाज. त्यांचा गोल म्हणजे उकळत्या भांड्यावर कुणीतरी झाकण ठेवलं. पेनल्टी हुकली की टायरमधली हवा. रेफरीने चुकीची शिट्टी दिली की म्हणे आख्खं मैदान एका सासूसारखं बोलायला लागतं. मामा हे सगळे आवाज तोंडाने काढायचा, घास हातात तसाच. बाबा आत बसून मॅच पाहून आलेले असायचे, आणि मान खाली घालून जेवायचे. आम्हाला वाटायचं, दमलेत.

"दाजी, बरोबर ना?" मामा मधेच विचारायचा. "दुसरा गोल डोक्याने मारला ना? पब्लिक आधी गप्प झालं होतं, बॉल वर असला की गप्प होतं."

"बरोबर," बाबा म्हणायचे. "अगदी बरोबर."

आता काका. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. टाइल्सच्या दुकानात सेल्समन आहे. त्याचा आवाज काढणं म्हणजे माझा हातचा मळ. गिऱ्हाईक दारातून बाहेर पडायला लागलं की काका मागे धावतो, "ऐका ना साहेब, ऐका ना, एकदा हात तर लावून बघा!" घरीही तसाच बोलतो. आईने वाढायला नको म्हटलं तरी, "ऐका ना वहिनी, ऐका ना." आणि हसतो तेव्हा शिंक अडकल्यासारखं. आधी तीनदा श्वास आत, मग एकदम बाहेर. लहानपणी काकाने आमच्याच क्लबच्या ज्युनिअर टीमसाठी निवड चाचणी दिली होती. निवडला नाही. ती गोष्ट तो अजून सांगतो, आणि दर वेळी निवड करणारा माणूस थोडा जास्त आंधळा झालेला असतो.

लीग आम्ही जिंकलो तेव्हा अजून मॅच शिल्लक होत्या, इतके पुढे होतो. मग राहिला कप. कपाची सेमीफायनल टीव्हीवर होती. काका दुकानात, मामा बसमध्ये, बाबा बेंचवर, आणि घरी आई आणि मी. आईचं अर्धं लक्ष इस्त्रीत. मधे एक खेळाडू पाय धरून पडला आणि मैदान शांत झालं. आणि त्या शांततेत, बेंचजवळच्या माइकमधून, स्वच्छ आवाज आला.

"ऐका ना साहेब! ऐका ना! एकदा बघा तर!"

आणि मग तीन श्वास आत, एक बाहेर.

मी हसून हसून लोळले. रेफरीला टाइल्स विकत होता. आई म्हणाली, "काय गं?" तेवढ्यात त्यांच्या खेळाडूने बॉल उचलला आणि विषय गेला. मला वाटलं, काकाने दुकानातून दांडी मारून तिकीट काढलं असणार. रविवारी तो जेवायला येणार होता. मी तो आवाज रविवारसाठी जपून ठेवला.

रविवारी सगळे टेबलाभोवती होते. मामाची सेमीफायनल लावून झाली होती, झाकण, दार, हवा, सगळं. आता फायनल राहिली होती, त्याच आठवड्यात. जेवणं आटोपत आल्यावर नेहमीप्रमाणे माझी फर्माइश सुरू झाली. आधी कोच झाला. मग कॅप्टन. मग शेजारच्या आजोबांचं दात नसतानाचं आणि दात लावल्यावरचं बोलणं. मामा डोळे पुसत होता. काका म्हणाला, "ऐका ना, मला कोणीच करत नाही. मी काय मेलोय?"

"तुझा नवा आहे," मी म्हटलं, आणि उभी राहून, समोर रेफरी आहे असं धरून, लावला. "ऐका ना साहेब! ऐका ना! एकदा बघा तर!" आणि तीन श्वास आत, एक बाहेर.

आई हसली. मामा तर टेबलावर हात आपटून हसला. फक्त बाबा हसले नाहीत, आणि काकाचं हसू तिसऱ्या श्वासावरच अडकलं.

"हे... कुठलं गं?" मामाने विचारलं, अजून हसतच. पहिला गिअर.

"सेमीफायनलचं. टीव्हीवर आलं. खेळाडू पडला होता ना, तेव्हा."

"तेव्हा पब्लिक गप्प होतं," मामा म्हणाला. "मग पब्लिकमधला आवाज टीव्हीवर कसा येईल? माइक तर बेंचपाशी असतो."

मामाने उजवीकडे, नसलेल्या आरशात बघितलं. मग त्याने बाबांकडे पाहिलं.

"दाजी, माझं कार्ड कुठे असतं हल्ली?"

"काय आहे ना, मेहुणे..."

"कुठे असतं?"

बाबांनी काकाकडे बघितलं. काका ताटातल्या शेवटच्या भाजीकडे इतकं बघत होता की तिला लाज वाटली असेल.

"अहो," आई म्हणाली, "भावजींच्या गळ्यात का?"

"त्याला एकदाच बसायचं होतं," बाबा म्हणाले. "पहिल्या मॅचच्या आधीपासूनच मागे लागला होता. जन्मभर त्या बेंचवर बसायचं राहिलं म्हणाला. खुर्च्या मोजून आहेत. मला नाही म्हणता येईना. मग मी बसमध्ये ते... गमतीत बोललो."

"गमतीत नाही," मामा म्हणाला. "तुला कार्ड हवं होतं म्हणून बोललास." मामाने बाबांना कधी 'तू' म्हटलं नव्हतं. बाबांच्या ते लक्षात आलं, कारण ते उत्तर द्यायला निघाले होते आणि थांबले.

"ऐका ना मामासाहेब," काका म्हणाला, "तुमच्यावाचून काय अडलं? टीम तर जिंकतेच आहे ना."

"तुम्ही गप्प बसा, भावजी," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण काकाने चमचासुद्धा खाली ठेवला.

"एकदा बसला, ते समजलं," मामा म्हणाला. "पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी जिंकलो ना," बाबा म्हणाले. "मग कोचच म्हणायला लागला. मग पोरं म्हणायला लागली. मी कुठल्या तोंडाने सांगणार की ते काही नाही, मी आपलं... आणि काय आहे ना, मेहुणे, खरं सांगू? मलाही वाटायला लागलं. तुम्ही बाहेर असता म्हणूनच जिंकतोय असं. शपथ."

"म्हणजे आधी खोटं होतं आणि नंतर खरं झालं."

"हो. म्हणजे, तसंच."

"आणि रोज जेवताना मी मॅच सांगत होतो," मामा म्हणाला, "तेव्हा माझ्या खुर्चीत बसून आलेला माणूस तुला माहीत होता. आणि तू 'अगदी बरोबर' म्हणत होतास."

मामा उठला, ताट उचललं, धुतलं, पुसलं, फळीवर ठेवलं, आणि पुढच्या खोलीत जाऊन सोफ्यावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. काका बऱ्याच वेळाने चपला शोधायला लागला. आईने बाबांना एवढंच विचारलं, "तुमचा भाऊ तो भाऊ, आणि माझा भाऊ ड्रायव्हर?"

त्या आठवड्यात आमच्या घरात दारंसुद्धा हळू लागत होती. बाबांनी कार्ड काकाकडून परत आणलं आणि मामाच्या बुटांवर ठेवलं. मामाने बूट घातले, कार्ड तिथेच. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते बुटाच्या आत ठेवलं. मामाने काढून कपाटावर ठेवलं. बाबा त्याच्यासमोर जाऊन म्हणाले, "फायनलला आत या, मेहुणे. मी कोचशी बोलतो." मामा बसच्या किल्ल्या पुसत होता. पुसतच राहिला.

आईशी मात्र बोलला. मी पुढच्या खोलीत अभ्यास करत होते, म्हणजे ऐकत होते.

"सरळ आत जा, दादा," आई म्हणाली. "तुझी खुर्ची आहे. तुझी शेवटची मॅच आहे."

"तू विचार कर," मामा म्हणाला. "मी आत गेलो आणि हरलो, तर आख्खं गाव म्हणणार, पायलटने घात केला. त्या पोराने माझा हात हातात घेतलाय दर वेळी. त्याच्याकडे बघू कसा? बरं, आत गेलो आणि जिंकलो. मग मी वर्षभर त्या पत्र्यात कशासाठी बसलो होतो? पाणीसुद्धा प्यायलो नाही गं मी."

आईने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला.

"मला वाटत होतं," मामा म्हणाला, "अर्धा कप माझा आहे."

फायनलच्या दिवशी सकाळी मामा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. कपाटाकडे बघितलं. आरशात बघतो तसं नाही, कपाटाकडे. हात वर करून कार्ड काढलं, खिशात टाकलं आणि गेला. बाबा पाठोपाठ, किटच्या पिशव्या घेऊन, चार पावलं मागे.

घरी आई आणि मी टीव्हीसमोर. इस्त्री नाही, काही नाही. टीम मैदानात आली, कॅमेरा बेंचवरून फिरला, आणि मागच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर मामा. गळ्यात कार्ड. दोन्ही हात गुडघ्यांवर. नंतर कळलं की उतरताना सगळ्यांनी विचारलं होतं, "पायलट, बाहेरच ना?" आणि मामाने प्रत्येकाला सांगितलं होतं, "बाहेरच." मग बसला कुलूप लावलं आणि आत गेला. आयुष्यात त्या पोरांशी तो पहिल्यांदा खोटं बोलला असावा. रांगेच्या दुसऱ्या टोकाला बाबा टॉवेलचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. दोघांच्या मधे डॉक्टर, मालिशवाला आणि बर्फाचा डबा.

आणि त्यांनी पहिला गोल मारला.

मैदानावर झाकण पडलं. मामा सांगायचा अगदी तसं. कोच डोकं धरून मागे वळला, आणि त्याची नजर शेवटच्या खुर्चीवर गेली. टीव्हीवर त्याचा आवाज येत नव्हता, पण मला ओठ वाचायची गरजच नव्हती, मी तो आवाज कितीतरी वेळा काढलाय. "बाहेर, बाहेर." कोचचा हात दाराकडे. मालिशवाला वळून बघायला लागला. डॉक्टर बघायला लागले. बाबांनी टॉवेलात तोंड घातलं.

"बस," आई टीव्हीला म्हणाली. "दादा, बसून राहा. बस तिथेच."

कॅमेरा मैदानावर गेला. परत बेंचवर आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडला.

मग कॅप्टनने गोल मारला. दार लाथ मारून उघडलं. अगदी शेवटाला कॉर्नरवरून दुसरा, डोक्याने, आधी सगळे गप्प आणि मग पुन्हा दार. आम्ही जिंकलो. लीग आणि कप, दोन्ही. शेजारचे आजोबा दात न लावताच बाहेर आले आणि नाचले. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. आई नळ बंद करून आली आणि टीव्हीकडे बघत उभी राहिली. "जिंकले?" म्हणाली. इतक्या कोरड्या आवाजात हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या मैदानावर सगळं गाव जमलं होतं. मामा बस घेऊन आला, हॉर्न न वाजवता. टीम उतरली. कोचने माइक घेतला. घसा पार गेलेला, तरी दोनदा. "एक माणूस, एक माणूस," तो म्हणाला. "काल चुकून आत आला. आपण मागे पडलो. मी सांगितलं, बाहेर. तो गेला. वाद नाही, काही नाही, उठला आणि गेला. आणि आपण जिंकलो. हा कप त्याचा, त्याचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे ओरडायला लागले, "पायलट बाहेर! पायलट बाहेर!" प्रेमाने ओरडत होते, तेच ऐकवत नव्हतं. काकाही होता गर्दीत, लांब. तोही ओरडत होता. त्याचा आवाज मला कुठेही कळतो.

कॅप्टनने मामाला बसच्या पायरीवरून खाली आणलं आणि कप त्याच्या हातात दिला. आणि त्या घंटीएवढ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही बाहेर बसलात म्हणून, पायलट."

मी अगदी पुढे होते. मामाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलणार. पहिला गिअर पडला होता, मला दिसला. मग त्याने कॅप्टनच्या तोंडाकडे बघितलं, दाढीसुद्धा धड न आलेल्या त्या पोराच्या, आणि तोंड मिटलं. कप जड असावा. तो त्याने स्टेअरिंगसारखा दोन्ही हातांनी धरला होता. फोटो निघाले. त्या फोटोत मामाच्या मागे बाबा आहेत, टाळ्या वाजवायला हात वर घेतलेले, वाजवलेले नाहीत.

घरी आल्यावर आईने पानं घेतली. चौघंच होतो. बाबा बसले, उठले, पाणी आणलं, पुन्हा बसले. आणि मग, गप्प बसवेना म्हणून असेल, म्हणाले, "काय आहे ना मेहुणे, झालं ते वाईटच झालं. पण बघा, शेवटी खरं ठरलं की नाही? तुम्ही बाहेर गेलात आणि..."

"मी गेलो नव्हतो," मामा म्हणाला.

बाबांचा घास तसाच राहिला.

"खुर्चीवरून उठलो. बसपर्यंत गेलोच नाही. आत जायच्या बोळाच्या तोंडाशी भिंत आहे ना, तुझ्या टॉवेलांची गाडी असते तिथे, तिच्या आड उभा होतो. शेवटपर्यंत. दोन्ही गोल पाहिले. या डोळ्यांनी." गिअर-बिअर काही नाही, सगळं एका वेगात. "मी आत होतो आणि ते जिंकले. मी कधीही आत असतो तरी जिंकलेच असते. चांगली टीम आहे. बस."

"मग आज... कोचला... सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? त्या पोराला? तो म्हणतोय, तुमच्यामुळे. त्याला सांगू, बाळा, माझ्यामुळे काही नाही, आमच्या घरातल्या माणसाला एक खुर्ची हवी होती?"

खरं म्हणजे ही मामाची मॅच सांगायची वेळ. दार, झाकण, हवा. या वेळी तर त्याने गोल पाहिला होता, तोही कॅप्टनचा. मी शेवटी विचारलंच, "मामा, आपला पहिला गोल कसा होता?"

"टीव्हीवर दाखवतील," तो म्हणाला.

रेकॉर्डिंग काढून ठेवलेली होती, पूर्ण सीझनची. बाबांनीच क्लबमधून मागून आणली होती, पाय पसरून बघण्यासाठी. ती अजून कपाटावर आहेत. कार्डही तिथेच आहे.

आईने भाजी वाढली. मामाने एक घास घेतला, थांबला, टेबलावर नजर फिरवली. मीठ बाबांच्या कोपरापाशी होतं. इतकी वर्षं तो म्हणायचा, "दाजी, मीठ." बाबांच्या लक्षात आलं, ते आधीच हात पुढे करून तयार होते.

"किटवाले," मामा म्हणाला, "मीठ सरकवता का?"

बाबांनी मीठ सरकवलं.